पाणी कुठून जाणार?

नानांना नवा बंगला दाखवायला नेऊ नये. दापोलीकडच्या उतारावर कुणी हौसेनं बाग केलेली असते. पाहुणे पायऱ्या उतरत ‘वा, वा’ करत असतात. नाना मात्र संरक्षक भिंतीपाशी उकिडवे बसतात, खिशातून खराट्याचा हीर काढून भिंतीतल्या भोकात खुपसतात आणि विचारतात, “भिंत झकास हो, पण पाणी कुठून जाणार?”

यजमान आभाळाकडे बघतो. मे महिना असतो.

मग शिकवणी सुरू. इथं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंत नुसत्या मातीनं पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्यानं पडते. म्हणून पाठीला खडी भरायची, तळाशी भोकं ठेवायची, भिंत जराशी डोंगराकडे कलती घ्यायची. आजोबांनी रचलेला जांभ्याचा गडगा अजून उभा का? चुना नाही, सिमेंट नाही, पाणी सांध्यांतून पाझरून जातं!

शेजारच्या मुलीसाठी स्थळ बघायला नाना गेले. बाकीचे मुलाचा पगार विचारत होते, नाना परसात. परत आले ते थेट व्याह्यांना, “पाणी कुठून जाणार?” लग्न ठरलं, पण नानांना पुढच्या बैठकीचं बोलावणं आलं नाही.

रायगडावरही तेच. जगदीश्वराच्या देवळापाशी गड बांधणाऱ्या हिरोजींच्या नावाची पायरी. सगळे वाकले, नानाही वाकले, ते उठेचनात. ढाळ तपासत होते. “जातंय हो पाणी,” म्हणाले. नाना समाधानी झाल्याची एवढी एकच नोंद आहे.

आता हेही सांगायला हवं, नाइलाजानं. पलीकडच्या काकूंचे गुडघे गेले, आणि त्यांच्या विहिरीकडच्या पायऱ्या नऊ-नऊ इंचांच्या. नानांचं गणित ठरलेलं: उंचीची दुप्पट अधिक रुंदी, बेरीज 25 इंचांच्या आसपास. गवंडी घेऊन आले नि 5 इंच उंच, 15 इंच रुंद पायऱ्या केल्या, मध्ये टेकायला एक टप्पा, बाजूच्या भिंतीला भोकं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, “माझ्याकडे चिरे उरले होते.” चिरे मुद्दाम खाणीवरून आणले होते, हे टेम्पोवाल्याकडून कळलं.

दिवाळीत काकूंचा मुलगा मुंबईहून आला. पायऱ्यांवर त्यानं गुळगुळीत टाइल्स लावल्या आणि विंचू-किरडाच्या भीतीनं भोकांत सिमेंट भरलं.

जुलैत भिंतीला पोट आलं. काकूंचा फोन गेला, तसे नाना इरलं पांघरून, पहार घेऊन हजर. भर पावसात एकेक भोक मोकळं केलं, हीर घालून बघितला. गढूळ पाण्याची धार थेट त्यांच्या धोतरावर.

“मुलाला सांगू नका हं,” काकू म्हणाल्या.

नानांनी शब्द पाळला. मुलाला सोडून सगळ्या तालुक्याला सांगितलं.