मागचा बघून घेईल

पंधरा लाखांची नवी गाडी. पेढे वाटून झाले, चाकाखाली लिंबं चिरडून झाली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं. मग मालक स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घेतले.

का? ‘‘आमच्या गल्लीत फुटतात हो!’’

आरसा सुखरूप. गाडीचं काय ते गाडी बघेल.

दुचाकीवाल्यांची गोष्टच नको. नवी गाडी घरी आली की आरसे काढून कपाटावर. ज्यांनी ठेवलेत, त्यांनी ते भांग पाडायला ठेवलेत. रिक्षाचा आरसा तर बऱ्याचदा आतच. मागून डंपर येतोय का, हे त्यात दिसत नाही. मागची सवारी फोनवर कोणाशी भांडतेय, ते मात्र लख्ख दिसतं.

मुळात मागे बघणं हे आपल्याकडे ड्रायव्हरचं काम कधी नव्हतंच. ट्रकवर त्यासाठी किन्नर होता, एसटीत कंडक्टर, सोसायटीत वॉचमन आणि घरच्या गाडीत बायको. ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या...’ हा आपला राष्ट्रीय पार्किंग सेन्सर. त्यातलं ‘बस्स!’ नेहमी ठोकरीनंतरच का येतं, यावर मात्र संशोधन बाकी आहे.

इतिहास काय सांगतो? 1909 साली इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाच्या बाईंनी मोटार चालवणाऱ्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात सल्ला दिला, की हातात धरायचा छोटा आरसा गाडीत ठेवा, मधूनमधून उंच धरून मागची वाहतूक बघा. बाईच्या पर्समधल्या आरशाला नटण्यापलीकडे काही काम असू शकतं, हे शंभर वर्षांपूर्वी सुचलं ते एका बाईलाच.

दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसलेला. मागून कोण येतंय ते सांगायला. म्हणजे त्यांचा किन्नरच. रे हॅरून मात्र एकटाच आला. इतरांनी ओरडा केला, की याला मागचं दिसणार कसं? त्याने समोर एक आरसा ठोकला आणि शर्यत मारली.

गंमत पुढेच आहे. तो ट्रॅक विटांचा होता. गाडी इतकी हादरायची, की त्या आरशात धड काही दिसतच नव्हतं म्हणे.

म्हणजे पठ्ठ्या आपल्यातलाच.

तर तिकडे हॅरूनने मेकॅनिकची जागा आरशाला दिली. इकडे आपण काय केलं? ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलं. साध्या मराठीत अर्थ असा : मी मागे बघत नाही, तुम्ही ओरडा. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये त्या तीन शब्दांवर बंदी घातली. शब्द पुसले, सवय राहिली. गाडी मागे घेताना वाजणारी ती धून आठवते? आख्ख्या गल्लीला ऐकू जाणारी. तिचाही अर्थ तोच. मी येतोय, तुमचं तुम्ही बघा.

कंपन्या तरी शहाण्या का? एके काळी आपल्याकडच्या साध्या मॉडेलांना डावा आरसा नसायचाच. 2009 मध्ये आलेल्या नॅनोच्या स्वस्त अवतारातही आरसा एकच, ड्रायव्हरच्या बाजूचा. डावीकडून कोणी येत नाही, अशी समजूत असावी. ज्या देशात सगळे डावीकडूनच घुसतात, त्या देशात!

बरं, ज्यांचे आरसे उघडे असतात, ते तरी कसे लावलेले असतात? शंभरातल्या नव्वद गाड्यांत (हा माझा पार्किंगमधला अंदाज, सरकारी आकडा नव्हे) बाजूच्या आरशात निम्मी स्वतःचीच गाडी दिसते. दार, दाराची कडी, नवा कोरा रंग. गाडी आपल्याबरोबरच येतेय ना, याची खात्री करत राहायची जणू.

जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1995 मध्ये या खोडीवर अख्खा शोधनिबंध लिहिला. मुद्दा शेंबड्या पोरालाही कळेल असा. मधल्या आरशात मागचं दिसतं. बाजूचे आरसे आत वळवले, की त्यांतही तेच मागचं दिसतं. एकच ट्रक तिन्ही आरशांत, आणि तुमच्या दाराशी आलेली मोटारसायकल एकातही नाही.

उपाय फुकट आहे. म्हणूनच कोणी करत नाही.

आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो असा. आधी सीट नीट करा, कारण सीट हलली की आरसे गेले. मधल्या आरशात मागची काच पूर्ण बसवा. मग डोकं उजव्या खिडकीला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर ढकला, की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणा आणि डावा आरसा तसाच करा. सरळ बसलात की आपली गाडी दोन्ही आरशांतून गायब.

इथे पुरुषवर्ग घाबरतो. ‘‘माझी गाडी दिसतच नाही!’’ अहो, ती तुमच्या बुडाखाली आहे.

जमलं का, हे रस्त्यावरच कळतं. मागून येणारी गाडी मधल्या आरशातून निसटता निसटता उजव्या आरशात उगवली पाहिजे आणि तिथून निसटता निसटता थेट खिडकीतून दिसली पाहिजे. मध्ये कुठे अंतर्धान पावली, तर आरसा चुकला. अर्थात यात गृहीत धरलंय, की गाड्या आपापल्या लेनमधून चालतात. लेन ही काय भानगड आहे, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मान वळवूनही बघावं. मानेत स्क्रू नाहीत.

आणि त्या आरशावरची ओळ? वस्तू दिसते त्याहून जवळ असते म्हणून? आरसा फुगीर असतो, त्यात जास्त रस्ता मावतो, पण सगळं लहान आणि लांब वाटतं. द्रुतगती मार्गावर ताशी 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. ‘लांब आहे अजून’ म्हणेपर्यंत दोन सेकंद गेले, म्हणजे 55 मीटर संपले.

निवडणुकाही अशाच येतात. पण ते जाऊ द्या.

मधल्या आरशाखाली एक इवलीशी खिटी असते. रात्री मागच्याचा दिवा डोळ्यांत घुसला, की ती दाबायची. आरशाची काच पाचरीसारखी असते, त्यामुळे आरसा कलला की फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं मंद प्रतिबिंब डोळ्यांत येतं आणि झगझगाट जातो. इतकी हुशारीची वस्तू, आणि आपण तिचा उपयोग कशाला करतो? काळी बाहुली बांधायला. तिच्या शेजारी लिंबू-मिरची, चिमुकले बूट, कुठल्याशा देवस्थानचा गंडा आणि हलता गणपती. नजर लागू नये म्हणून केलेल्या या बंदोबस्तात नजरच अडते.

आता खुर्ची. खुर्ची पुढे-मागे करण्यात महाराष्ट्राचा हात कोण धरणार? पण ते मंत्रालयात. गाडीत ती शोरूममधून आली तशीच. कोणी सोफ्यासारखा पसरून बोटांच्या टोकांनी स्टिअरिंग हाकतोय. कोणी स्टिअरिंगला मिठी मारून बसलाय. मिठी मारणाऱ्याच्या छातीपुढे एअरबॅग आहे, आणि ती पापणी लवायच्या आत फुटते. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटिमीटर ठेवा, म्हणजे ती उशी होते. नाही तर ठोसा.

मनगटाची खूण सोपी. पाठ सीटला चिकटवून हात सरळ पुढे टाका. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. बोटंच पोचली तर पुढे सरका, कोपर पोचलं तर मागे. आणि हे सगळं गाडी उभी असताना! घाटात सीटचा दांडा ओढला, सीट सर्रकन मागे गेली आणि पाय ब्रेकपासून वीतभर लांब राहिला, तर बाहुली काही करू शकत नाही.

शेजारची मंडळी त्याहून सुखी. लोणावळा आलं की सीट आडवी, पाय डॅशबोर्डवर. पट्टा लावलाय हो, लावलाय! तो हवेत लोंबतोय आणि खाली माणूस झोपलाय. धक्का बसला की माणूस पट्ट्याखालून घसरणार. आणि पाय जिथे ठेवलेत, त्या झाकणाखाली एअरबॅग आहे. फुटली, की स्वतःचेच गुडघे स्वतःच्या तोंडावर.

योगासनं घरी करावीत.

मानेमागच्या हेडरेस्टबद्दल व्हॉट्सअॅप विद्यापीठाचा निष्कर्ष ठाम आहे : गाडी पाण्यात पडली तर काच फोडायला ते काढता येतं, त्यासाठीच दिलंय. गाडी पाण्यात किती वेळा पडते? आणि मागून कोणी ठोकलं असं किती वेळा होतं? मागून धडक बसली की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मानेचा चाबूक होतो. हेडरेस्ट आहे ते त्या चाबकासाठी. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाशी असावी आणि डोक्याच्या जमेल तितकी जवळ. आपल्याकडे ते असतं मानेखाली, सर्वांत खालच्या खाचेत, शोरूमच्या प्लॅस्टिकसकट. वर कोट टांगलेला.

आणि मागची सीट? तिथे तर कायदाच पोचत नाही, असा समज. 3 जून 2014 ला दिल्लीत मोटार अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्याच सीटवर होते. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. दोघेही मागे, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मग आठ दिवस देशभर चर्चा. नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. नियम पुस्तकात आधीपासून होताच. पुस्तकातला दंड 1000 रुपये.

जाऊन बघा तुमच्या गाडीत. मागचं बक्कल सापडतंय का? नसेल सापडत. नवं लेदरचं कव्हर घातलं तेव्हाच ते आत शिवलं गेलं. सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर तीही त्याच कव्हराखाली शिवली गेली असेल. कव्हर मात्र झकास. डागसुद्धा पडणार नाही.

मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही, तर तो एकटा मरत नाही. पुढच्या सीटवर आदळून पट्टा लावलेल्यालाही नेतो. मांडीवरचं मूल? दहा किलोचं बाळ ताशी 50 च्या धडकेत काही क्षणांपुरतं दीड-दोनशे किलोचं होतं. धरून दाखवा.

पण आपण हुशार. गाडी टुंग टुंग करू लागली, की तिचं तोंड बंद करायची क्लिप आणतो. बक्कलमध्ये खोचायची, गाडीला वाटतं साहेबांनी पट्टा लावला. 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना आदेश देऊन अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवायला लावल्या. त्यांतल्या काही चक्क बाटली उघडायच्या ओपनरच्या नावाखाली विकल्या जात होत्या.

एका वस्तूत दोन्ही सोयी. आधी बाटली उघडा, मग बक्कलमध्ये खोचा.

हे सगळं वाचून-लिहून मी परवा सकाळी शहाण्यासारखा गाडीत बसलो. मनगट टेकवून सीट लावली, हेडरेस्ट वर ओढलं, खिडकीला डोकं टेकवून आरसे बाहेर ढकलले. समोरच्या गॅलरीतल्या काकू ‘‘बरं वाटत नाहीये का हो?’’ म्हणून ओरडल्यासुद्धा. मागचं बक्कल कव्हर फाडून बाहेर काढलं. बाहुली सोडली. प्लॅट्झर बघता तर पाठ थोपटता.

रिव्हर्स टाकला आणि मोठ्या तोऱ्यात मधल्या आरशात बघितलं. रस्ता दिसेना, गेट दिसेना, काहीच दिसेना.

डिकीला अगदी चिकटून, दोन्ही हात हलवत, आमचा वॉचमन उभा होता. ‘‘येऊ द्या साहेब, येऊ द्या!’’