काटेकाका

काकांचं आडनाव काटे नाही. हयात वजनकाट्यावर गेली म्हणून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने ते बहाल केलंय. न्हावा-शेव्याला जाणारे ट्रेलर तीस वर्षं काट्यावर चढवून-उतरवून ते रिटायर झाले; काटा झाला नाही. असे काका कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. कल्याण फाट्यावर ट्रॅफिक तुंबला की आपण शिव्या देतो, हे खिडकीतून एक्सल मोजतात.

लिफ्टमधल्या ‘आठ माणसं, ५४४ किलो’ या पाटीवर त्यांचा राग आहे. “म्हणजे माणशी अडुसष्ट. आपल्या विंगेत अडुसष्टचं आहे कोण? सेक्रेटरी एकटेच दीड माणूस!” लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्याला ते ‘मागे लोंबणारा माल’ म्हणतात.

एकदा मी सहज म्हणालो, “बावीस चाकी ट्रेलरला पंचावन्न टन चालतात ना?” काकांनी माझ्याच घरातला रिकामा कप पालथा घातला. हा घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक. बशीची पुढची कड त्यावर टेकवली, मागच्या बाजूला खाली काड्यापेटी. हा ट्रेलर, ही त्याची चाकं. “कड टेकली तिथे किंगपिन, दोघांना जोडणारी खुंटी. आता पंचावन्न कुठून आले? घोड्याचा पुढचा एक्सल सात, मागची जोडी एकवीस, ट्रेलरचे तीन मिळून सत्तावीस. जुलै २०१८ च्या आधी हेच सहा, एकोणीस, चोवीस होतं. एकोणपन्नास!” मग खारी बशीच्या पार मागच्या टोकाला ठेवली. बशीने पुढून मान वर केली आणि खारी माझ्या मांडीवर. “बघितलंत? बेरीज तीच. पण असा घोडा गायमुखच्या चढाला लागला तर मागची चाकं जागेवर फिरतील.”

“पण पंचावन्नातून गाडीचं वजन वजा केलं की—”

“घोडा नऊ, ट्रेलर सात, रिकामा चाळीस फुटी कंटेनर पावणेचार. उरले सव्वापस्तीस. भराल?”

“भरीन.”

“फसलात! कंटेनरची स्वतःची मर्यादा आहे, स्वतःला धरून बऱ्याचदा साडेतीसच्या आत. म्हणजे माल पावणेसत्तावीसच्या आत.” दंडही त्यांना तोंडपाठ: २०१९ पासून वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. शेवटची शिक्षा त्यांना सगळ्यात आवडते.

गेल्या महिन्यात आम्ही घोडबंदर रोडला राहायला गेलो. सामानाला छोटा हत्ती. हमालांनी लोखंडी कपाट मागच्या फळीला टेकवलं तेवढ्यात काका सदऱ्याच्या बाह्या सारत खाली आले. सगळं उतरवलं. कपाट केबिनच्या पाठीला, त्याला खेटून गॅसचं सिलिंडर, मग पुस्तकांची खोकी, गाद्या सगळ्यात मागे. धान्याचा डबा डावीकडून उजवीकडे दोनदा गेला. हमाल एकमेकांकडे बघत होते, ड्रायव्हर आभाळाकडे. दीड तास गेला. काका टायर दाबून म्हणाले, “आता चला खुशाल,” आणि तेही सोबत निघाले.

गाडी खरंच डुलली नाही, अगदी कापूरबावडीच्या खड्ड्यांतसुद्धा. पोहोचलो तेव्हा आईला चहा हवा होता. सिलिंडर सगळ्यांत आत, कपाटाशी. त्याच्यापुढे एकवीस खोकी, चार गाद्या, धान्याचा डबा आणि दोन हमाल, जे आता जेवल्याशिवाय हात लावणार नव्हते.

शेवटी टपरीवरून चहा आणला. काका फुटपाथवर बसून भुरका मारत मागच्या टायरकडे बघत होते. “बघा,” म्हणाले, “चारही चाकं कशी सारखी बसलीत.”