पलीकडचं सील

माझ्याकडे बाबांची १९८७ सालची चेतक आहे. बुकिंग केल्यावर कित्येक वर्षांनी ती घरी आली. त्या दिवशी तिला हार, नारळ आणि पेढा मिळाला. आम्हा भावंडांना तिला हात न लावण्याची ताकीद मिळाली. आता दर पाच वर्षांनी आरटीओत तिची फेरनोंदणी करावी लागते, वर पर्यावरण कर. हा कर भरताना मला कधी वाईट वाटलेलं नाही. ती सोडते तो धूर पाहता सरकारने फार सवलतीत सोडलंय असंच वाटतं.

मागच्या पावसाळ्यात मात्र धूर सवलतीच्या बाहेर गेला. पांढरा, दाट, मागचा रस्ता नाहीसा करणारा. मागचे रिक्षावाले शिवी द्यायला तोंड उघडायचे आणि खोकत मिटायचे.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातच ऑइल मिसळून पाजतात, त्यामुळे थोडा धूर हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. पण पांढरा लोट म्हणजे बहुधा क्रँकचं सील गेलेलं. क्रँकच्या दोन बाजूंना दोन सीलं असतात. क्लचकडचं फाटलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि तेही जाळतं, म्हणून धूर. मॅग्नेटकडचं गेलं की बाहेरची हवा ओढतं, मग ॲक्सिलेटर सोडला तरी गाडी आपली रेस होतच राहते. हे ज्ञान मला फार महाग पडलं आहे. तुम्हाला फुकट देतोय.

मेकॅनिकने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, एक किक मारली, धुरात अदृश्य झाला आणि आतूनच म्हणाला, "सील गेलंय साहेब. इंजिन उतरवायला लागेल." निदान अचूक होतं. एवढं नेमकं सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये तर कोणावर?

गाडी परत घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्या हातात एक पुडी ठेवली. आत जुनं सील, दोन नट, एक वायसर आणि एक स्प्रिंग.

"हे नट कुठले?"

"जास्तीचे आहेत."

"जास्तीचे म्हणजे?"

"कंपनी देते साहेब. जुन्या गाड्यांना भरपूर लोखंड वापरायचे."

नटांचं मी समजू शकतो. पण स्प्रिंग? कोणता कारखाना हौस म्हणून इंजिनात स्प्रिंग टाकतो? मी तसं विचारल्यावर तो दयेने हसला आणि पोऱ्याला म्हणाला, "साहेबांना गाडी काढून दे." गॅरेजात एखाद्या प्रश्नाचं उत्तर संपल्याची ही खूण असते.

घरी येईपर्यंत लक्षात आलं की धूर होता तसाच आहे. शिवाय ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन किंचाळत राहतंय, आणि न्यूट्रल नावाची जागा गिअरमधून गायब झालीय. म्हणजे मी एक दुखणं घेऊन गेलो होतो, ते जपून ठेवून त्यावर दोन नवी दिली होती. मजुरी मात्र एकाचीच घेतली, हे मान्य करायला हवं.

परत गेलो. "चालवा थोडी, रनिंगमध्ये बसेल," तो म्हणाला. चालवली, बसली नाही. पुन्हा गेलो. या वेळी दोष पेट्रोलचा निघाला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून समस्त मेकॅनिक वर्गावर मोठे उपकार झाले आहेत. पूर्वी बिचाऱ्यांना पंपावरच्या भेसळीवर भागवावं लागायचं, आता साक्षात सरकारी धोरण हाताशी आहे. इथेनॉलने जुन्या गाड्यांचं रबर खराब होतं यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण परवा बसवलेलं सील?

मग तो स्वतः चेतकवर बसला आणि एका हाताने, दुसऱ्या हातात चहा धरून, चौकापर्यंत जाऊन आला. गाडी मुकाट चालली. धूरसुद्धा अदबीने, थोडासाच. "तुमची चालवायची पद्धत बघा साहेब," तो उतरत म्हणाला. बाबांच्या मागे बसून मी जी पद्धत शिकलो तिचा असा उद्धार ऐकून मी निघालो, आणि दांडेकर पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली.

महाराणा प्रतापांचा चेतक हळदीघाटीत जखमी झाला, तरी धन्याला घेऊन ओढ्यापलीकडे झेपावला आणि मगच त्याने प्राण सोडला, असं सांगतात. माझी चेतक त्या पुलाखालच्या आंबिल ओढ्याच्या अलीकडेच गेली. पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष तिच्यापाशी थांबला. "आडवी करा, ओव्हरफ्लो झालीय." "प्लग काढून पुसा." "आमच्याकडे चौऱ्याऐंशीची होती, महाबळेश्वर चढायची." लोक सल्ले देत होते, आठवणी काढत होते, एकाने तर सीटवरून हात फिरवला. ढकलायला कोणी आलं नाही.

शेजारचे काका म्हणाले, ग्राहक आयोगात जा. "पुण्यात राहून अन्याय सहन करता? ग्राहक पंचायत इथेच सुरू झाली, १९७४ साली!" २०१९ च्या कायद्याप्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कसुद्धा नाही, हे त्यांना पाठ होतं. फक्त पावती हवी म्हणाले. मी पावती दाखवली. टू-टी ऑइलच्या खोक्याच्या फाटक्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : 'सिल + मजुरी'. गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, सही नाही, सिलाची वेलांटीसुद्धा पहिली. काकांनी पुठ्ठा उलटसुलट पाहून परत दिला.

शेवटी टेम्पोत घालून गाडी पुन्हा त्याच्याचकडे नेली. मी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून बोलत होतो, तेवढ्यात पोऱ्याने ती आत घेऊन उजवीकडचं झाकण, मॅग्नेट सगळं काढून ठेवलं. मेकॅनिक नुसत्या इंजिनासमोर वाकला आणि ओरडला, "कुठल्या गाढवाने हात घातलाय याच्यात? चांगलं सील काढून नवं बसवलंय, तेही तिरकं! आणि फाटलेलं आतच!"

मी पुढे झालो. त्याने मला पाहिलं, गाडीला पाहिलं. तसूभरही न हलता म्हणाला, "आपला जुना पोऱ्या असणार. गावाला गेला तो."

प्रत्येक गॅरेजात असा एक पोऱ्या असतो आणि तो नेहमी नुकताच गावाला गेलेला असतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, असा प्रकार झाला होता. पण करणाऱ्याच्याच तोंडून इतका स्वच्छ निकाल, तोही तारखा न पडता, कुठल्या आयोगात मिळाला असता? मी त्याला मुकाट्याने दुसऱ्यांदा मजुरी दिली. स्प्रिंगही दिली. ती क्लचची निघाली.

गाडी आता बरी आहे. पहिल्या पुडीतलं मॅग्नेटकडचं सील अजून माझ्याकडे पडून आहे. जुनं आहे, पण ठणठणीत. चेतकवाल्या कोणाला हवं असेल तर खुशाल घेऊन जावं, पैसे नकोत. बसवून मात्र दुसऱ्या कोणाकडून तरी घ्या.