पावटे, पत्रक आणि चार बटणं

२०२६ मधल्या भोगीच्या आदल्या दिवशीची दुपार. काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर ताट ठेवलं, मी माझ्या बाजूने सूप आणलं आणि पावटे सोलणं सुरू झालं. सालं टाकायला काकूंनी एका उमेदवारबाईंचं गुळगुळीत पत्रक पसरलं होतं.

"संक्रांत परवा, महापालिकेचं मतदान १५ तारखेला. आणि त्या दुसऱ्या पॅनेलवालीनं हळदीकुंकू गेल्याच आठवड्यात उरकलं! वाण काय, तर स्टीलचा डबा."

"घेतलात?"

"घेतला की. आचारसंहिता तिला आहे, मला कुठे?"

काकू महापालिकेच्या मिळकतकर खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यामुळे या विषयावर त्यांना कुणी शिकवायला जात नाही.

"२०१७ च्या फेब्रुवारीत बोटाला शाई लागली होती, त्यानंतर आत्ता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. चेंबर तुंबलं तर भांडायला हक्काचं माणूस नाही गं! साहेबाशी भांडता येतं होय? तो अर्ज द्या म्हणतो."

"आता मिळतील की चार-चार."

"तेच तर! मुंबईत एका वॉर्डाला एकच माणूस, धरला की सापडला. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग. खड्डा दाखवला की अ म्हणणार ब ला विचारा, ब म्हणणार क चं काम. निव्वळ बारभाईचा कारभार."

मी सालं बाजूला सारून पत्रक वाचायला घेतलं. पहिलंच वचन, मेट्रो आपल्या दारी.

"मेट्रो महामेट्रोची. केंद्र नि राज्याची मिळून कंपनी ती. ही काय रूळ घालणार? हे असलं छापायला यांना सांगतं कोण? पुढचं वाच."

पुढे रोज पुरेसं पाणी, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'अंदाजपत्रकात तुमची कामं'. काकूंचा हात थांबला.

"हे कामाचं आहे. लोकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात धरायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. फूटपाथ, दिवे, बाकडी, असली कामं. आपल्या गल्लीतून किती फॉर्म गेले? तू भरलास कधी?"

मी एक शेंग फार लक्षपूर्वक सोलली.

"मी तरी कुठे भरला," काकू जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. मग लगेच, "पण परवा ही आली होती हं दारात. सोबत ढोल नाही, फटाके नाहीत. मी म्हटलं, बाई, बाकीचं राहू दे, आमच्या कोपऱ्यावरचं ड्रेनेज कुणाकडे? मला वाटलं, हात जोडून 'करू करू' म्हणेल. तर तिनं ज्युनिअर इंजिनिअरचं नाव सांगितलं. आडनावासकट! शिवाय म्हणाली, काकू, लाइनच जुन्या मापाची आहे, नुसतं चेंबर उपसून पुन्हा तुंबणार. पाइप बदलायचा तर तरतूद हवी, आणि ती एका वर्षात होईलच असं नाही."

"म्हणजे नाहीच म्हणाली."

"नाही म्हणाली, पण माहिती असून म्हणाली! इतक्या वर्षांत असं सरळ कुणी बोललंय आपल्याशी? माझं एक मत तिला. उरलेली तीन बघू, एखादं नोटाला."

"कुठल्या गटात आहे ती? अ, ब, क की ड?"

काकूंनी चष्मा वर केला. "ते विचारायचंच राहिलं की. पत्रकावर असेल, बघ."

मी सालं झटकली. खालचा उजवा कोपरा ओल्या शेंगांनी पार भिजून भिंतीला चिकटला होता. काकू नखाने तो अलगद सोडवायला लागल्या.