आमच्या इमारतीतलं ‘प्रदूषण मंडळ’

डोंबिवलीतल्या प्रत्येक इमारतीत असं एक तरी कार्टं असतंच. आमचं सहावीत आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतं आणि सगळे तिला ‘प्रदूषण मंडळ’ म्हणतात. शाळेनं पर्यावरणाचा प्रकल्प दिला की एरवी बाबा कापतात, आई चिकटवते आणि मूल झोपतं. मंडळ मात्र घरोघर हिंडतं. कानामागे पेन्सिल, काखेत वही आणि दारातच, “काकू, दोनच मिनिटं हं!”

त्या दोन मिनिटांत तुमच्या खिडकीच्या गजाला पांढरं कार्ड लटकतं. त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात, कोपऱ्यात मजला आणि तारीख. आठवड्यानं ती भिंग घेऊन चिकटलेल्या धुळीचे ठिपके मोजायला हजर. “आमच्याकडे कमीच आहेत,” दुसऱ्या मजल्यावरचे काका समाधानानं म्हणाले. मंडळानं मान वर केली नाही. “काका, हे दिसतंय ते जाडं. अडीच मायक्रॉनचं केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याहून बारीक असतं. ते तुमच्या आत गेलं.” काकांनी उगीच खोकून पाहिलं.

मग हळदीच्या पट्ट्या आल्या. हळदीच्या पाण्यात बुडवलेले कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेले. साबणासारखं अल्कधर्मी पाणी लागलं की पट्टी तांबडी होते. नाल्याकडे निघालेल्या मंडळानं सहज म्हणून आईच्या कपड्यांच्या बादलीत पट्टी बुडवली आणि पहिला आरोपी घरातच सापडला. आम्लाला हळद दाद देत नाही, त्याला जास्वंद लागते. तेव्हापासून आजीच्या देवांना तगरीवर भागवावं लागतं.

“नोंद करून ठेवते हं,” हे तिचं धमकीवजा पालुपद. रिक्षावाल्याला, “दादा, उभे आहात तर इंजिन बंद करा ना.” मी नवी जीन्स घातली तर, “कुठून घेतलीत?” “उल्हासनगर, पाच नंबर कॅम्प.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू वालधुनी नदीत जीन्सचा रंग मीच ओतला!

तिची खरी हळहळ वेगळीच. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा ती जन्मलीच नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा शाळेतही जात नव्हती. “आजी, हिरवं पाणी बाटलीत भरून का नाही ठेवलंत?” “अगं, वाळत घातलेले कपडे आत घेऊ की बाटल्या शोधू?” आजीचं उत्तर आम्हा सगळ्यांचंच होतं. रात्री कारखान्यांकडून उग्र दर्प आला की आम्ही नाकाला रुमाल लावतो, खिडकी ओढतो आणि मालिकेचा आवाज वाढवतो. मंडळ तेव्हा वाऱ्याची दिशा बघायला उदबत्ती घेऊन गॅलरीत उभं असतं. “उदबत्तीनं पण धूर होतो ना गं?” मी एकदा डिवचलं. “हो,” ती गंभीरपणे म्हणाली, “तो वजा करते.”

यंदा शाळेच्या प्रदर्शनात तिच्या ठिपक्यांच्या कार्डांना दुसरा नंबर मिळाला. पहिला गेला ‘स्वच्छ शहर’ नावाच्या भल्यामोठ्या देखाव्याला. इमारती, झाडं, नदी, सगळं थर्माकोलचं, तेही राज्यात २०१८ सालीच त्याच्या सजावटीवर बंदी आलेली असताना! वडिलांनी तीन रात्री जागून केलेलं, हे साऱ्या शाळेला ठाऊक. मंडळानं तक्रार केली नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग वही उघडून परीक्षकांपाशी गेली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “सर, उद्या हे शहर कुठे टाकणार?”