सिंहस्थाला मुदतवाढ नाही

शनिमाहात्म्यातील विक्रम राजाचे हातपाय परमुलखात तुटले, तेल्याच्या घाण्यावर बसून त्याने साडेसाती कंठली, आणि शनिदेव प्रसन्न होऊन अवयव परत मिळाल्यानंतरच तो उज्जयिनीस परतला, यात केवढी व्यवहारदृष्टी होती, हे तिथल्या रामघाटाच्या पायऱ्या पाहिल्यावर ध्यानी येते.

महाकालाचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा चाकांच्या खुर्चीचा विचार केला नाही, हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम जारी झाल्यापासून, पाच वर्षांची मुदत दिली, ती जून २०२२ मध्ये सरली. आणि पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयास असे ठरवावे लागले की, कायदा ज्यास बंधन म्हणतो त्यास त्याच कायद्याखालील नियम १५(१) केवळ शिफारस समजतो, सबब तो नियम रद्दबातल होय. म्हणजे सात वर्षे दप्तरी जो हुकूम म्हणून नांदत होता, तो वस्तुतः विनंतीअर्ज होता! एरवी असा अर्ज रयतेने सरकारास करावयाचा. येथे सरकारनेच सरकारास केला, आणि स्वहस्ते दप्तरदाखल करून टाकला. न्यायालयाने बंधनकारक नियमांसाठी तीन महिने दिले. गुरू मात्र उज्जयिनीच्या २०२८ च्या सिंहस्थास सिंह राशीत असावयाचा ठरलेलाच आहे, आणि मुदतवाढीच्या अर्जाची दखल घेण्याची त्याची रीत नाही.