लोखंडी पुरुषाचं मनगट

न्यूरेंबर्ग,
खंडेनवमी

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, आम्ही तिघंही खुशाल आहोत. एक दिवसाआड व्हिडिओ कॉल होत असताना हातानं पत्र लिहायचं कारण शेवटी येईल. आधी शेवटचं पान वाचायची आईंची सवय मला ठाऊक आहे, पण या खेपेला क्रमानं वाचा. आणि यातला एक शब्दही घरच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. त्या ग्रुपात तुमचे चिरंजीवही आहेत. पाकिटावर मुद्दाम जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या शेडचा पत्ता घातलाय, कारण निवृत्त झाल्यापासून बाबा घरी कमी आणि तिथं जास्त सापडतात.

तर, तुमच्या चिरंजीवांनी बाहुली आणली आहे.

हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "बाहुली नाही, ॲक्शन फिगर," असं लगेच बजावतात. मी जरा खोदून पाहिलं. 1964 साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. त्याचे हातपाय वाकायचे, कपडे बदलता यायचे, म्हणजे सगळी लक्षणं बाहुलीचीच. पण मुलगे बाहुली कशी घेणार? म्हणून तिचं नाव ठेवलं ॲक्शन फिगर. साठ वर्षं उलटली, पुरुषांची लाज त्या दोन शब्दांवर टिकून आहे. उद्या भातुकलीला कोणी 'लघु अन्नप्रक्रिया उद्योग' म्हणालं तर हे तीही मांडून बसतील.

बाहुली आहे आयर्न मॅनची. बाबा, तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा तो 2008 चा सिनेमा आपण लावला होता, आठवतंय? तो अतिश्रीमंत शस्त्रं बनवणारा अफगाणिस्तानातल्या गुहेत कैद होतो आणि क्षेपणास्त्रांच्या भंगारातून, ऐरणीवर घण घालून, स्वतःसाठी चिलखत ठोकतो. तो भाग तुम्ही टक लावून पाहिलात. मधेच "भट्टीला कोळसा कुठनं आणला रं यानं?" असंही विचारलंत. तो गुहेतून सुटला आणि तुम्ही घोरायला लागलात. नंतर विचारलं तर म्हणालात, "पुढं काय उरलंय? पैसं आलं, मशिनं आली, मग कुणीबी करंल."

म्हणून की काय, चिरंजीवांनी चकचकीत लाल-सोनेरी आयर्न मॅन न घेता तो गुहेतलाच घेतला. त्याला 'मार्क वन' म्हणतात. शूटिंगसाठी स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओनं बनवलेलं खरं चिलखत सुमारे 40 किलोचं होतं. आमच्याकडे आलाय तो माणसाच्या सहाव्या हिश्शाचा, म्हणजे फूटभर. किंमत साडेतीनशे युरो. आई, रुपयांत हिशेब करू नका, मी एकदा केला आणि चहात मीठ घातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तिची थोडी निंदा आहे.

आता परीक्षण. पहिलं खोक्याचं, कारण त्याचा मान मोठा. या नादातल्या लोकांत खोकं फाटलं की बाहुलीची किंमत उतरते. त्यामुळे बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं, आतलं छापील खोकं, त्याच्या आतला थर्माकोल, प्लॅस्टिकचा साचा, अगदी मानेखालचा पारदर्शक कागदाचा तुकडासुद्धा जपून ठेवलाय. हे बघून मला आईंच्या माळ्याची आठवण झाली. 1986 च्या मिक्सरचं खोकं, त्यात प्रेशर कुकरचं खोकं, त्यात साड्यांची खोकी. आम्ही सगळे तुम्हाला हसायचो. आई, मी जाहीर माफी मागते. तुम्ही संग्राहक होतात, आम्हाला कळलं नाही.

खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, 15 वर्षांखालच्यांसाठी नाही. आपला नातू नऊचा. वडील पंचेचाळिसाचे. तेव्हा नातवानं लांबून बघायचं आणि वडलांनी पांढरे सुती हातमोजे घालून त्याची जागा बदलायची. आईंनी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं याच पोरानं दात येताना चावून चावून रंग उडवलाय. त्या केळ्याला अजून दातांचे वण आहेत. खेळणं वापरलं गेल्याची पावती म्हणतात ती हीच.

पण आमचं गावच तसं. न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचं गाव म्हणून मिरवतं. 1950 पासून इथं दरवर्षी खेळण्यांचा मोठा व्यापारी मेळा भरतो आणि तिथं मुलांना प्रवेश नाही, कारण तो दुकानदारांचा. जगभरचे सुटाबुटातले काका मोटारी गरागरा फिरवून बघतात आणि पोरं बाहेर!

आता बाबांच्या खात्यातली गोष्ट. हा मार्क वन हातात घेतला (हातमोजे घालून) तर पहिल्यांदा नजरेत भरतो तो गंज. छातीच्या पत्र्यावर तांबूस गंज, खांद्यावर वेल्डिंगचे वेडेवाकडे टाके, पोटावर कानशीचे ओरखडे, गुडघ्याशी काजळी. आणि हे सगळं रंगवलेलं! आत बहुतेक प्लॅस्टिक. बाबा, तुम्ही जन्मभर काय केलंत? टाक्यांवर ग्राइंडर मारला, बर काढली, पॉलिश पेपर घासला, वर रेड ऑक्साइडचा हात दिला. एवढं करून एका कोपऱ्यात जरा तांबूस दिसलं की पार्टी जॉब माघारी पाठवायची. सीकर रोडच्या त्या उन्हात परत आलेला टेम्पो उतरवताना तुमच्या तोंडून निघणारी कोल्हापुरी मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकली आहे, आणि तिच्यातले दोन शब्द आमच्या मिरजेलाही माहीत नव्हते. आता ऐका, इथं गंज असल्याचे पैसे घेतात. गंज जितका हुबेहूब तितका भाव जास्त. तुमचे रिजेक्ट झालेले जॉब ठेवले असते तर आज आपण कुठल्या कुठं असतो.

एक जागा मात्र मी पकडली. डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला साच्याची दोन अर्धुकं जुळतात तिथली रेघ पुसट दिसते. तुम्ही नातवाला प्लॅस्टिकचा मग दाखवून शिकवलेली तीच, पार्टिंग लाइन. ती मी चिरंजीवांना दाखवली. त्यांनी मग तीन दिवस मूर्तीची पोटरी भिंतीकडे ठेवली.

आता माझं खातं. सतरा वर्षं लोकांचे खांदे-गुडघे हलवते आहे, तेव्हा सांधे तपासायचा हक्क मला पोचतो. खोक्यावर 'तीसहून अधिक ठिकाणी हलतो' असं लिहिलंय. मी कोनमापक लावला. मान ठीक. कोपर साधारण 80 अंशांत अडतं. खांदा बाजूला उचलला की खांद्यावरचा पत्रा कानाला लागतो, असा पेशंट आला असता तर मी सहा आठवडे व्यायाम दिला असता. कंबर वळते, वाकत नाही. आणि मांडी घालून बसणं तर विसराच. तीस सांधे असून जमिनीवर बसता येत नाही!

मला जयपूर फूट आठवला. लग्नानंतर सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये मी तो पहिल्यांदा हातात घेतला होता. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. तोवरच्या परदेशी पद्धतीच्या पायाला बूट लागायचा आणि घोटा वाकत नसे. आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, पंगतीत मांडी घालायची असते. रबर आणि लाकडातून त्यांनी हे सगळं करणारा पाय काढला. 1981 साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जयपुरात स्वस्तात मिळणारा पाय जे करतो, ते साडेतीनशे युरोच्या लोखंडी पुरुषाला जमत नाही. ते सोडा, नातवाच्या डब्यातला प्लेमोबिलचा शिपाई, उंची साडेसात सेंटीमीटर, ना गुडघा ना नाक, तोही ऐटीत बसतो. तो आमच्या शेजारच्या झिर्नडॉर्फचा. तेल महागलं तेव्हा कमी प्लॅस्टिकमध्ये काय होईल म्हणून बाजारात आणलेला, 1974 चा.

राहिली सोबतची सामग्री. शिरस्त्राण निघतं आणि आत त्या नटाचा घामेजलेला चेहरा असतो. घामसुद्धा रंगवलेला, दाढीचे खुंटही. छातीतला दिवा तीन बटण सेलवर लागतो, पण सेल बदलायचे तर पाठ उघडावी लागते आणि त्याचा स्क्रू चष्म्याच्या स्क्रूहून लहान. मनगटाला अडकवायची ज्वाळा आहे, पारदर्शक नारिंगी, ती मला मनापासून आवडली. नावाची पाटी असलेला स्टँड आहे. आणि आहेत जादा हात! एक मूठ, दोन उघडे पंजे, एक काहीतरी धरलेला. लागेल तो मनगटाला बसवायचा. "मला काय चार हात आहेत?" असं या घरात रोज विचारलं जातं, आणि चार हातवाला कपाटात काचेआड रिकामा उभा! शेडमधल्या कॅलेंडरवरचे विश्वकर्माही चार हातांचे, पण त्यांच्या हातांत हत्यारं तरी आहेत.

इथवर आलात? आता खरं कारण.

आज खंडेनवमी. शेडमध्ये कामगारांची विश्वकर्मा पूजा वेगळी आणि तुमची खंडेनवमी वेगळी, म्हणून तुमच्या लेथला वर्षातून दोनदा हळदकुंकू मिळतं आणि म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला, असं आई म्हणतात. मीही इथं पाट मांडला. तुम्ही दिलेली कानस, यांचा व्हर्नियर, माझा कोनमापक, स्वयंपाकघरातली सुरी. पाट जरा ओका वाटला. हे कामासाठी ड्रेस्डेनला गेलेत. कपाटात लोखंडाचा माणूस उभा. म्हटलं, गुहेत बसून हातानं घडवलेलं चिलखत आहे, आजच्या दिवशी यालाही दोन झेंडू वाहू. आणला. हातमोजे न घालता. पाटावर ठेवल्यावर वाटलं, हत्यारांसमोर नुसता काय उभा राहतोस, नमस्कार तरी कर. दोन उघडे पंजे बसवले आणि हात जोडायला जरा, अगदी जरा, दाब दिला.

टक्.

मनगटाची पिन मानेशी मोडली. सोबत एक जादा पिन आली होती, पण ती मार्चमध्येच लागली. "कंपनीचा माल कच्चा, आपोआप तुटली," असं हे म्हणाले होते. आत्ता तो हात मेणाच्या ठिपक्यावर तोलून उभा केलाय आणि कपाट लावून घेतलंय. महिना-दोन महिने काही कळणार नाही. ज्या खेळण्याशी कोणी खेळतच नाही, ते मोडलेलं कळणार कसं?

तेव्हा बाबा, ही ऑर्डर समजा. मोडलेले दोन्ही तुकडे कापसात गुंडाळून सोबत ठेवलेत. जॉबचं नाव: मनगटाची पिन. दोन्ही टोकांना गोळी, मधे बारीक मान. यांच्याच व्हर्नियरनं मोजलंय: गोळी 5 मिलिमीटर, मान 2.5, एकूण लांबी 14. नग 2. माल पितळ. पितळानं प्लॅस्टिकची खोबण झिजेल असं तुम्ही म्हणाल. पण खुब्याचा सांधा बदलतात तेव्हा धातूची गोळी प्लॅस्टिकच्या वाटीत बसवतात आणि माणसं त्यावर वर्षानुवर्षं चालतात. तरी तुम्ही नायलॉन म्हणालात तर नायलॉन. मान थोडी जाड धरा, कंपनीनं तिथंच काटकसर केलीय. आणि बर काढायला विसरू नका. गंज नको.

मजुरी काय ते कळवा. आईंना चकल्यांचं पीठ भिजवताना माझी आठवण येऊ द्या.

तुमची सूनबाई

ता. क. पत्र बंद करताना नातू शेजारी येऊन बसला. मेण लावताना त्यानं पाहिलंय, गप्प बसायचे दोन युरो घेतलेत. निघताना शांतपणे म्हणाला, "बाबांकडून पण मार्चमध्ये असाच मोडला होता. तेपण त्याला नमस्कार करायला लावत होते." तेव्हा दोन नको, चार नग करा.